दुःखात प्रार्थना कशी करायची: आधी गाऱ्हाणं, मग उपकारस्तुती

आईचं डायलिसिस सुरू झालं त्या पहिल्याच आठवड्यात आमच्या वेंगुर्ल्याकडच्या घरी पंधरा-वीस माणसं तरी येऊन गेली असतील, आणि जाताना बऱ्याच जणांच्या तोंडी एकच वाक्य, देवाचे आभार मान गो बाय, निदान वेळेवर कळलं तरी. सगळी मायेनं आलेली माणसं, कुणी घरचे उकडे तांदूळ आणले, कुणी केळीचा घड आणला, तो मला नंतर शेजारी देऊन टाकावा लागला कारण आईला पोटॅशियम चालत नव्हतं. पण त्या वाक्यानं मी आतल्या आत गप्प झाले. रात्री खरंच आभार मानायला बसले तर शब्द फुटेना, घशात नुसता गोळा, आणि मग वाटायला लागलं की माझ्या विश्वासातच काहीतरी खोट आहे. नात्यातल्या एका बाईंनी तर ते तोंडावर बोलूनही दाखवलं.

पुढची साडेतीन वर्षं आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी चारेक तास, मी त्या मशीनशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि तिथेच हळूहळू प्रार्थना करायला शिकले. त्यातलं जे उपयोगी पडलं ते क्रमाने लिहिते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण माझी सगळी गडबड क्रमातच झाली होती, मी शेवटची पायरी पहिली चढायला गेले होते.

सगळ्यात आधी पेज आणि झोप

घरात संकट आलंय, तुम्ही तीन रात्री जागे आहात आणि आता प्रार्थना करायला गुडघे टेकताय, तर थांबा, आधी जेवा. बायबलमध्ये एलिया संदेष्ट्याची गोष्ट आहे, १ राजे अध्याय १९. जीव वाचवायला पळालेला तो रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो पुरे झालं आता, माझा प्राण घे. देव त्याला उपदेश करत नाही, रागावत नाही, आभार मान म्हणत नाही. त्याला झोपू देतो, मग देवदूत येऊन उठवतो तर उशाशी भाजलेली भाकरी आणि पाण्याचं भांडं. खाऊन तो परत झोपतो, देवदूत परत उठवतो, परत खायला घालतो. देव त्याच्याशी बोलतो ते पुढे, चाळीस दिवस चालून डोंगरावर पोचल्यावर.

म्हणून पेशंटजवळ बसणाऱ्या माणसाला माझं पहिलं सांगणं हेच की वाटीभर पेज, सोबत भाजलेला पापड नाहीतर लोणच्याची फोड, आणि सलग पाच तास झोप कशीही करून मिळवा. रात्रीच्या पाळ्या लावून घ्या, बहिणीला बोलवा, शेजारणीला सांगा. उपाशी आणि जागरणानं किडलेल्या डोक्याला देव कुठेच सापडत नाही आणि मग आपण समजतो की देवच सोडून गेला.

गाऱ्हाणं घाला

आपल्या कोकणात हा शब्द नव्याने शिकवायला नको. गावात देवळासमोर गाऱ्हाणं घालतात ते लहानपणापासून ऐकलेलं, एक जाणता माणूस गावाची अडचण मोठ्याने मांडतो आणि जमलेले सगळे मागून व्हय म्हाराजा म्हणतात. आम्ही ख्रिस्ती लोक मात्र चर्चमध्ये गेलो की फारच शहाण्यासारखे वागतो, देवासमोर चांगले कपडे आणि चांगले शब्द. बायबल तसं वागत नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश ही सरळसरळ गाऱ्हाणी आहेत, देवा कुठे आहेस, का झोपलायस, का तोंड लपवतोस. स्तोत्र १४२ मध्ये तर भक्त उघडच म्हणतो की मी त्याच्यापुढे माझं गाऱ्हाणं ओततो.

कसं घालायचं ते शिकायला स्तोत्र १३ घ्या, सगळी मिळून सहा वचनं, डायलिसिसच्या पहिल्या पाच मिनिटांत वाचून होतं. नीट बघितलं तर त्याचे तीन भाग पडतात. पहिल्या दोन वचनांत भक्त चार वेळा 'कुठवर' असं विचारतो. पुढच्या दोन वचनांत तो मागतो, माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत उजेड घाल. आणि शेवटच्या दोनमध्ये सूर वळतो, मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय म्हणतो.

आता एक साधी शंभर पानी वही घ्या आणि याच साच्यात स्वतःचं लिहा. भाषा घरची ठेवा, मालवणी तर मालवणी, कोंकणी तर कोंकणी, देवाला व्याकरण तपासायचं नाहीये. 'कुठवर'ने सुरुवात करा आणि त्यात खरी गोष्ट घाला, मोघम नको. 'देवा मी दुःखी आहे' असं लिहून काही होत नाही, माझं पहिलं गाऱ्हाणं असं होतं: देवा, कुठवर हे चालायचं, दारात पाच माड उभे आहेत आणि माझ्या आईला शहाळ्याचा एक घोट देता येत नाही, तिने आयुष्यभर दुसऱ्यांना शहाळी काढून दिली, आता ती खिडकीतून माडाकडे बघते आणि मी तिला कपात मोजून पाणी देते, हे तुला बघवतं कसं. एवढं लिहिलं आणि मी किती दिवसांनी रडले, हॉस्पिटलच्या जिन्यात बसून, आणि हलकं वाटलं असं नाही म्हणणार मी, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी भिंतीशी बोलत नाहीये.

तिसरा भाग, भरवशाचा, आला नाही तर ओढूनताणून लिहू नका. स्तोत्र ८८ उघडून बघा, ते अंधारातच संपतं, शेवटी कसलाही दिलासा नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. आणि स्वतः येशूने क्रूसावर जी आरोळी मारली, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', ती स्तोत्र २२ ची पहिली ओळ आहे. त्याने क्रूसावर दुसऱ्याचे, पाठ असलेले शब्द घेतले, मग आपण घ्यायला काय हरकत आहे.

'माझं काय चुकलं' हा प्रश्न

हा येतोच, रात्री दोन-अडीचला येतो. घरातले विचारतात, बाहेरचे सुचवतात, कुणाची दृष्ट, कुणाचं पाप. यावर जास्त वेळ घालवू नका. बायबलमधल्या योहानाच्या पुस्तकात, अध्याय ९ मध्ये, जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात की पाप याने केलं की याच्या आईबापाने, आणि येशू म्हणतो याने नाही आणि आईबापानेही नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेलेली असतात, तेव्हाही तो विचारतो की ती माणसं यरुशलेममधल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, आणि स्वतःच नाही म्हणून सांगतो. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा कौलं उडाली, आंबा आडवा झाला, होड्या फुटल्या, त्यात कुणाचं पाप मोजून वारा सुटला नव्हता. दुःख का आहे याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण ते शिक्षा म्हणून मोजून पाठवलेलं नसतं एवढं मी येशूच्याच शब्दावर सांगते.

सरळ मागा

मागताना आपण फार आडवळणं घेतो, तुझी इच्छा असेल तर, तुला योग्य वाटलं तर. पकडला जायच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने आधी मागितलं, हा प्याला, म्हणजे पुढ्यातलं दुःख, माझ्यापासून टळू दे. माझ्या इच्छेप्रमाणे नको तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, हे त्यानंतर. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो हे तीनदा जाऊन मागतो. प्रेषित पौलानेही आपल्या शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे असं उत्तर मिळालं. म्हणजे एकदा मागून गप्प बसायचं नाही, आणि मनासारखं उत्तर आलं नाही म्हणून आपण मागितलं ते चूक होतं असंही धरायचं नाही.

रोज एकच मागणं ठेवा आणि ते आजच्यापुरतं ठेवा. मी मागायचे, आज सुई एका टोचण्यात लागू दे. आज परतीच्या रस्त्यावर हिला उलटी होऊ नये. किडनी बरी कर हे मागणं पण होतंच, ते आई रोज संध्याकाळी तेर्सात, म्हणजे माळेवरच्या प्रार्थनेत, करायची, पण दिवसभर पुरायचं ते हे छोटं मागणं.

दया: आधी घ्यायची, मग द्यायची

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ काढला. बायबलच्या हिब्रू भाषेत दयेसाठी एक शब्द आहे रहमीम, तो रेहेम या शब्दाशी जोडलेला आहे आणि रेहेम म्हणजे आईचं गर्भाशय. हे कळलं तेव्हा मला आपली मराठी आठवली, आपण म्हणतोच की, चूक पोटात घाल रे बाबा. अपराध पोटात घालणं. आई जसं पोराचं सगळं पोटात घालते तशी देवाची दया.

घ्यायची कशी, तर श्वासाबरोबर. लूक १८ मधला जकातदार मागे उभा राहून एवढंच म्हणतो, हे देवा, मज पाप्यावर दया कर. मार्क १० मधला आंधळा बार्तीमय रस्त्यावरून ओरडतो, दाविदाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर. श्वास आत घेताना 'प्रभू येशू' आणि सोडताना 'दया कर', बस एवढंच. मोजायचं असेल तर तेर्साची माळ हातात घ्या, एक मणी एक श्वास, पन्नास मणी झाले की थांबा, चारपाच मिनिटांचं काम. ST मध्ये होतं, स्कॅनच्या रांगेत होतं, कुणाला कळतही नाही. आईचं ब्लडप्रेशर एकदम खाली आलं आणि नर्स धावत आली त्या वेळी माझ्याकडून दुसरं काहीच झालं नसतं, हे झालं.

आता द्यायची. ज्या बाईंनी माझ्या विश्वासात खोट काढली त्यांच्यावर माझा राग दीड वर्षं होता, आणि तो राग घेऊन प्रार्थनेला बसलं की पाच मिनिटांत मनात त्यांच्याशीच भांडण सुरू व्हायचं. येशूची गोष्ट मत्तय १८ मध्ये आहे, एका चाकराचं १०,००० तालांत कर्ज राजा सोडून देतो आणि तोच चाकर बाहेर येऊन सोबत्याची शंभर दिनारांसाठी मान धरतो. एक दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी आणि एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार, हिशोब करा, सहा कोटी दिवसांची मजुरी माफ झाली आणि हा शंभर दिवसांसाठी गळा दाबतोय. पण शंभर दिवसांची मजुरी ही काही थोडीथोडकी रक्कम नाही, तीन महिन्यांचा पगार आहे तो! म्हणजे ज्याने आपल्याला दुखावलं त्याने खरंच काहीतरी घेतलेलं असतं, आपण उगीच कुरकुरत नसतो.

म्हणून माफ करताना आधी बिल लिहायचं. वहीत लिहा, यांनी अमुक दिवशी अमुक म्हटलं, त्यामुळे माझं अमुक गेलं. माझं गेलं होतं ते असं की मी तीन महिने चर्चमध्ये पुढे बसायची लाजत होते. मग त्याखाली लिहायचं, प्रभू, ही वसुली मी तुझ्याकडे देते, मी आता मागे लागणार नाही. आणि पुढचे नऊ दिवस, नोव्हेना करतो तसं, त्या माणसासाठी एक नेमकं चांगलं मागायचं, देव त्यांचं भलं करो असं वरवरचं नको. त्या बाईंच्या मुलाला मुंबईत नोकरी लागत नव्हती, मी तेच मागितलं. पहिले चार दिवस दात आवळून मागितलं, सहाव्या-सातव्या दिवशी कधीतरी मला तो मुलगा दिसायला लागला, फॉर्म भरत बसलेला, आणि मग त्या पण दिसल्या, काळजीने वाळलेल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. माफ करणं म्हणजे न्याय सोडणं नाही. गडग्यावरून, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधावरून, कोर्टात केस चालू असेल तर ती चालू ठेवून पण माफ करता येतं. आणि घरात मारहाण होत असेल तर दया म्हणून तिथेच राहा असं कुणी सांगितलं, मग ते कुणीही असो, तर ऐकू नका, आधी बाहेर पडा, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, प्रार्थना सुरक्षित जागी बसून करता येते.

दया देण्याचा दुसरा भाग म्हणजे दुसऱ्याच्या दुःखात जाणं. बायबलमधल्या ईयोबावर एकामागून एक संकटं कोसळली तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. तेवढं त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडून देवाची वकिली करायला लागले तिथे बिघडलं, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. म्हणून कुणाकडे जाल तेव्हा वीस मिनिटं बसा, देवाची इच्छा, यामागे काहीतरी चांगलं असेल, अमक्याचं तर याहून वाईट आहे, ही तिन्ही वाक्यं घरी ठेवून जा. पेशंटला काय चालतं ते आधी फोनवर विचारा आणि मग डबा न्या. 'काही लागलं तर सांग' म्हणू नका, कुणी सांगत नाही, 'गुरुवारी मी बसते तिच्याजवळ, तू झोप' असं म्हणा. गुरुवारचं मला असं एकीने म्हटलं होतं, तिचा चेहरा मी विसरणार नाही.

आता उपकारस्तुती

पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना लिहितो, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. स्थितीत म्हणतो तो, स्थितीबद्दल म्हणत नाही. मला हे खरं कळलं ते पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या, मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला. येशूला धरून दिलं त्याच रात्री त्याने भाकर हातात घेतली आणि उपकारस्तुती केली. आणि त्याच रात्री, काही तासांनी, त्याने तो दुःखाचा प्याला टळावा म्हणून रक्ताच्या थेंबांसारखा घाम गाळत विनवणी केली. भाकरीसाठी आभार मानले, दुःखाच्या प्याल्यासाठी नाही मानले. दोन्ही एकाच रात्री, एकाच तोंडाने. त्या मिस्सात बसल्या बसल्या माझा साडेतीन महिन्यांचा गोळा सुटला, कारण मी किडनी गेल्याबद्दल आभार मानायला बघत होते आणि ते मला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

तर रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं. ही पद्धत संत इग्नेशियस लोयोलाने घालून दिलेल्या रोजच्या आत्मपरीक्षणावरून घेतलीये, हा इग्नेशियस म्हणजे आपल्या गोंयच्या सायबाचा, संत फ्रान्सिस झेवियरचा, सोबती. १५२१ मध्ये लढाईत तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला, महिनोन्महिने अंथरुणात पडून राहावं लागलं आणि तिथेच त्याचं आयुष्य वळलं, म्हणजे आजारपणातल्या माणसाकडूनच आलेली गोष्ट आहे ही. त्याच्या पाच पायऱ्या आहेत पण दमलेल्या माणसाला पाच होत नाहीत, मी तीनच करते. आज भाकर कुठे मिळाली. आज मी कुणाशी वाईट वागले, तिथे दया माग. उद्या कशाची भीती आहे, ती त्याच्या हातात दे.

भाकर लिहिताना वस्तू लिहा, माणसाचं नाव लिहा. 'कुटुंबाबद्दल धन्यवाद' हे लिहून वही भरते, मन भरत नाही. आमच्या वहीतल्या काही ओळी देते, आई सांगायची मी लिहायचे: बर्फाचा एक खडा मिळाला, दहा मिनिटं पुरवला. टेक्निशियन पोरगा मालवणीत बोलला. लाइट गेली पण वारा होता. पावसाच्या आधी कौलं परतून झाली. आणि एका दिवशी नुसतं, आज काही नाही. तसंही लिहायचं, काही नाही तर काही नाही, दुसऱ्या दिवशी परत बघायचं. दुसऱ्याचं आपल्यापेक्षा वाईट आहे म्हणून आभार, असं मात्र कधीच लिहू नका, ती दुसऱ्याच्या दुःखावर उभी केलेली उपकारस्तुती आहे.

ज्यांचे सध्या बरे दिवस आहेत त्यांनी ही वही आत्ताच सुरू करावी. आपण आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, काय करतो, १ जूनला मासेमारी बंद होते, दोन महिने होड्या वर, म्हणून मे महिन्यात सुके बांगडे, आमसुलं, कुळीथ, मीठ, लाकडं सगळं भरून ठेवतो. तसंच हे. स्तोत्र ७७ मधल्या माणसाला रात्री झोप लागत नाही, देव विसरला का म्हणून तो तळमळतो, आणि मग म्हणतो मी जुने दिवस आठवीन. आठवायला काहीतरी भरलेलं असावं लागतं.

अजिबात जमतच नसेल तेव्हा

असे आठवडे येतात. वही उघडवत नाही, चर्चला जाववत नाही. रोमकरांस पत्रात, ८:२६, पौल लिहितो की कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मागतो. तेव्हा नुसतं कण्हलात तरी चालेल. आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, झोप-भूक गेली, जगू नये असं वाटायला लागलं तर फादर नाहीतर पाळकांशी बोला आणि डॉक्टरकडेही जा, १४४१६ ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. एलियाला देवदूताने भाकरी दिली तशीच डॉक्टरची गोळी असते.

आणि दोघं-तिघं जमवा. मार्क २ मध्ये लकवा झालेल्या माणसाला चौघांनी खाटेसकट उचलून, छप्पर उसकटून येशूसमोर सोडलं, आणि येशूने त्या चौघांचा विश्वास बघितला. आठवड्यातला एक वार ठरवा, संध्याकाळी सातला, अर्धा तास, पेशंटच्या खोलीतच. एकाने स्तोत्र वाचायचं, एकाने दहा मणी सांगायचे, गाऱ्हाणं घरच्याने घालायचं, चहाच्या नादाला लागायचं नाही. दुसऱ्या धर्माचं कुणी येत असेल तर येऊ द्या. आमच्याकडे बुधवार होता. शेजारच्या काकी शेवटचं वर्षभर न चुकता यायच्या, कपाळाला कुंकू, हातात स्वतःच्या परसातली अबोली, दाराजवळच्या स्टुलावर बसायच्या. आमेन कधी म्हणायचं ते त्यांना पहिल्या दिवशी कळलं नाही, मी गाऱ्हाणं संपवलं, एक क्षण सगळे गप्प, आणि काकी मोठ्याने म्हणाल्या, व्हय म्हाराजा. आईने डोळे उघडले, त्यांच्याकडे बघितलं, आणि तीही म्हणाली, व्हय म्हाराजा. त्यानंतर दर बुधवारी आम्ही दोन्ही म्हणायचो.